कुरकुरीत छानावटक : कढईतील तेल आणि पदार्थातील तेल



‘तळलेले खाऊ नका’ हे वाक्य आपल्या चिकित्सालयात जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्याच वेळा ते रुग्णाच्या घरच्या उंबरठ्याशी थांबते. रुग्ण मान डोलावतो, औषधाची पुडी घेतो आणि संध्याकाळी पाऊस सुरू झाला की कढईजवळ जाऊन बसतो. अशा वेळी निषेधाचे वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने म्हणायचे, की तो पदार्थ निदान नीट कसा सिद्ध करावा हे सांगायचे, असा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. आम्ही दुसरा मार्ग धरला. मात्र तो धरताना प्रथम चुकलो. त्या चुकीचा आणि तिच्यातून उमगलेल्या गोष्टीचा वृत्तांत प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

आमचा व्यवसाय मुलचेरा येथे आहे. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांचे या भागात पुनर्वसन झाले. तेव्हा हा मुलूख चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आज येथे नांदत आहे. त्यांच्यासमवेत भात, मासळी आणि मोहरीचे तेल यांची आवड आली, तशीच दूध फाडून केलेल्या ‘छाना’चीही आली. महाराष्ट्रात अन्यत्र दूध नासले की गृहिणी हळहळते. येथील बंगाली घरात ते मुद्दाम नासविले जाते. त्या छानाचे तळलेले वडे, ज्यांना ते लोक ‘छानार बडा’ म्हणतात, ते आणि पनीरचे तळलेले तुकडे आता मराठी घरांतही आवडीने खाल्ले जातात.

आमची चूक

आठवडी बाजारात असे वडे विकणारी एक वृद्ध बंगाली स्त्री आमची जुनी रुग्ण आहे. सारे तिला ‘मासी’ म्हणतात, आम्हीही म्हणतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही तिला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “मासी, कढईत तेल कमी घाला आणि आच मंद ठेवा. वडे हलके होतील, लोकांना बाधणार नाहीत.” तिने ते तंतोतंत पाळले. महिन्याभराने ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. “डाक्तारबाबू, तुम्ही सांगितले तसेच केले. आता गिऱ्हाईक वडा दाबून पाहते, बोटाला तेल लागते आणि ते पुढच्या पाटीकडे जाते.” त्याच सुमारास अजीर्णाची तक्रार घेऊन आलेल्या दोघांनी तिच्याच पाटीवरचे वडे खाल्ल्याचे सांगितले. म्हणजे आमच्या सल्ल्याने एकीची मिळकत घटली आणि इतरांचे पोट बिघडले.

त्या संध्याकाळी आम्ही औषधनिर्मितीत वापरतो तो २५० अंशांपर्यंतचा तापमापक घेऊन तिच्या चुलीपाशी जाऊन बसलो. वडे पडले की पारा १३० अंशांच्या आसपास घुटमळत होता आणि कितीही वेळ गेला तरी वर चढत नव्हता. वडे निमूटपणे तेलात पडून राहत. ना आवाज, ना रंग. कढईतील तेल आणि पदार्थातील तेल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आम्हाला तेथे कळले. पहिले कमी केल्याने दुसरे कमी होतेच असे नाही. बहुधा ते वाढते.

शास्त्रातील किलाट

छाना अथवा पनीर हे द्रव्य आपल्या ग्रंथांना अपरिचित नाही. भावप्रकाशाच्या दुग्धवर्गात शिजवून फाटलेल्या दुधाच्या पिंडाला ‘किलाट’ म्हटले आहे. न शिजविता फाटलेल्यास ‘क्षीरशाक’. आणि दही अथवा ताक घालून नासविलेले दूध स्वच्छ वस्त्रात बांधून द्रवभाग काढून टाकला असता जो पिंड उरतो त्यास ‘तक्रपिंड’. निघालेल्या पाण्याला ‘मोरट’ ही संज्ञा दिली आहे. आजचे पनीर या किलाट-तक्रपिंडांच्याच कुळातील होय.

गुणांविषयी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात किलाटादिकांस गुरू, तर्पण, वृष्य, बृंहण आणि वातहर म्हटले असून, ज्यांचा अग्नी प्रदीप्त आहे व ज्यांना निद्रा येत नाही त्यांस ते सुखप्रद सांगितले आहेत. सुश्रुतानेही किलाटास गुरू, वातघ्न व निद्राप्रद मानले आहे. तक्रपिंडाचे गुण मात्र चरकाने वेगळे दिले आहेत : विशद, गुरू, रूक्ष आणि ग्राही.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. दूध आणि अम्ल हा संयोग विरुद्ध, मग लिंबाने फाडलेले दूध पथ्यकर कसे? आमच्या अल्पमतीप्रमाणे, दुधासमवेत आंबट पदार्थ खाणे वेगळे आणि अम्लाच्या संस्काराने दुधाचे द्रव्यांतर होऊन, द्रव काढून टाकून, नवे द्रव्य सिद्ध होणे वेगळे. ग्रंथकारांनी त्याला स्वतंत्र नाव व स्वतंत्र गुण दिले यातच उत्तर आहे. मात्र चरकाने व वाग्भटाने किलाटाची गणना नित्य सेवन करू नये अशा द्रव्यांत केली आहे, हेही विसरता येत नाही. निषेध नित्यतेचा आहे, द्रव्याचा नव्हे. असे गुरू द्रव्य तेलाने माखले गेले तर गुरुत्वात भर पडते. म्हणून ‘करण’ म्हणजे सिद्ध करण्याची रीत येथे निर्णायक ठरते.

तेल पदार्थात केव्हा शिरते?

पदार्थ तेलात बुडालेला असतो तोवर तेल आत शिरत राहते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती बरीच निराळी आहे. १७५ अंश तापलेल्या तेलात वडा पडताच त्याच्या पृष्ठभागातील पाण्याची वाफ होते आणि ती वेगाने बाहेर धावते. आपल्याला दिसणारे बुडबुडे ते हेच. जोवर ही वाफ जोराने बाहेर येत आहे, तोवर तेलाला आत जाण्यास वाव फारच थोडा असतो. वडा बाहेर काढला की चित्र पालटते. पृष्ठभाग थंड होऊ लागतो, सूक्ष्म छिद्रांतील वाफेचे पुन्हा पाणी होते, आतील दाब घटतो आणि बाहेर चिकटलेले तेल आत ओढले जाते. पदार्थात मुरणाऱ्या तेलाचा मोठा भाग असा कढईबाहेर, पहिल्या काही मिनिटांत मुरतो.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वाफेचा जोर टिकविणे. म्हणजे तेल पुरेसे तप्त असणे. दुसरी, छिद्रे कमी व आवरण एकसंध असणे. तिसरी, वडा बाहेर काढताच त्यावरचे तेल झटकून, टिपून टाकणे. मंद आचेवर पहिली गोष्ट साधत नाही. कवच उशिरा धरते, पदार्थ दीर्घकाळ तेलात राहतो, त्यातील पाणी हळूहळू निघून जाऊन पोकळ्या वाढतात आणि बाहेर येताच त्या तेलाने भरतात. मासीच्या कढईत नेमके हेच घडत होते. तेल कमी असल्याने वडे पडताच ते थंड होई आणि मंद जाळावर पुन्हा तापत नसे.

स्नेहपाकाची दृष्टी

जो वैद्य तैलपाक करतो त्याला ही गोष्ट नवी वाटू नये. कल्क अग्नीवर टाकला असता आवाज होत नाही, म्हणजे जलांश संपला, ही स्नेहसिद्धीची परीक्षा आपण विद्यार्थिदशेपासून करीत आलो. तळणातही आवाज हा पाण्याचाच असतो. प्रारंभी चुरचुर मोठी असते. ती उतरत जाते. ती पूर्ण थांबण्याआधी, म्हणजे बुडबुडे विरळ होऊन बारीक चुरचुर उरली असता, वडा काढावा. आवाज थांबेपर्यंत थांबल्यास आतील छाना रबरासारखा चिवट होतो. फार आधी काढल्यास आतील ओल बाहेर येऊन कवच मऊ पडते. मृदू, मध्य आणि खर या पाकांपैकी तळणातही मध्यपाकच ग्राह्य, असे म्हणावयास हरकत नाही.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. तैलसिद्धीत फेस येणे हे पाक पूर्ण झाल्याचे लक्षण आहे. तळणाच्या कढईत काही न टाकताही तेलावर चिकट फेस येऊन तो टिकून राहू लागला, तर ते तेल बिघडल्याचे लक्षण होय.

छाना सिद्ध करणे

एक लिटर ताज्या दुधापासून साधारणतः दीडशे ते दोनशे ग्रॅम छाना मिळतो. म्हशीच्या दुधाचा अधिक व घट्ट, गाईच्या दुधाचा किंचित कमी व मऊ. तुकडे तळावयाचे असल्यास म्हशीचे अथवा मिश्र दूध, आणि मळून वडे करावयाचे असल्यास गाईचे दूध चांगले.

दुधाला उकळी आणून आच बंद करावी व दोन-तीन मिनिटे थांबावे. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालीत हलक्या हाताने ढवळावे. हिरवट, नितळ पाणी वेगळे झाले की रस घालणे थांबवावे. अधिक अम्ल घातल्यास छाना कडक व आंबट होतो. आदल्या दिवशीचे आंबविलेले मोरट हाताशी असल्यास लिंबाऐवजी तेच वापरावे. मासी तसेच करते. लगेच ओल्या सुती वस्त्रात गाळून, त्यावर थंड पाणी ओतून आंबटपणा धुवावा व पोटली अर्धा तास टांगून ठेवावी.

तुकड्यांसाठी याच पोटलीवर दोन-तीन किलो वजन एक तास ठेवावे. आमच्या अनुभवात तेलकटपणाचे निम्मे कारण या एका तासाच्या कंटाळ्यात असते. ओला छाना तेलात अधिक वाफ सोडतो, अधिक तडतडतो आणि पाण्याने रिकाम्या केलेल्या जागा तेलाला देतो. वजन काढल्यावर बोटाएवढ्या जाडीचे, समान आकाराचे तुकडे करून कोरड्या वस्त्राने टिपून घ्यावेत. फार पातळ तुकड्यांत वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक, म्हणून तेलही अधिक. फार जाड तुकडे आतून थंड राहतात.

वड्यांसाठी वजन ठेवावयाचे नाही. पोटली टांगून निथळलेला छाना ताटात घेऊन तळहाताच्या टाचेने पाच-सात मिनिटे मळावा. कण नाहीसे होऊन गोळा गुळगुळीत झाला की थांबावे; हाताला स्निग्धता जाणवू लागली तर मळणे अधिक झाले असे समजावे. एक लिटर दुधाच्या छानास दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, एक लहान चमचा आरारूट, किसलेले आले, बारीक चिरलेली हिरवी मिरची, भाजलेले जिरे व चिमूटभर हिंग पुरे. मीठ अगदी शेवटी घालावे, कारण आधी घातले की छानास पाणी सुटते. वडे चपटे करून कडा बोटाने मिटवून घ्याव्यात. भेग दिसली तर तेथून तेल शिरणार आणि वडा फुटणार हे निश्चित.

उरलेले मोरट फेकू नये. कणीक मळण्यास अथवा वरणात घालण्यास ते उत्तम.

आवरणाचा विचार

मळलेल्या वड्यास वेगळे आवरण नको; तुकड्यांस हवे. आवरण पातळ असावे व छिद्रयुक्त नसावे, हा नियम. आमच्या भातपिकाच्या प्रदेशात तांदळाचे पीठ घरोघरी असते आणि या कामी तेच श्रेष्ठ ठरते. गव्हाच्या मैद्यापेक्षा ते तेल कमी धरते व कुरकुरीतपणा अधिक काळ टिकविते. तीन भाग तांदळाचे पीठ व एक भाग आरारूट अथवा मक्याचे पीठ घेऊन थंड पाण्यात कालवावे. मिश्रण पळीच्या पाठीवर पातळ थर धरील इतके असावे. तुकडा आधी कोरड्या पिठात घोळवून, जास्तीचे पीठ झटकून, मग मिश्रणात बुडवावा व टपटप थांबेपर्यंत वर धरावा.

दोन घरगुती सवयी येथे टाळाव्यात. खाण्याचा सोडा घातल्याने आवरण फुलते खरे, पण फुलणे म्हणजे छिद्रे होणे आणि ती छिद्रे तेलाने भरतात. पिठात कडकडीत तेलाचे मोहन घालण्याची रीत चकली-शंकरपाळ्यांस ठीक आहे. येथे ते मोहन म्हणजे आधीच घातलेले तेल होय. तांदळाच्या पिठाने जे साधते त्यासाठी मोहनाची गरज नाही.

तळण

कढई खोल व जाड बुडाची असावी. अर्धा लिटर तेलात एका वेळी शंभर ग्रॅम पदार्थ, म्हणजे पाच-सहा तुकडे, याहून अधिक घालू नयेत. तेल १७५ ते १८० अंश तापवावे. तापमापक नसल्यास पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड. पडताच करपला तर अति तप्त. अर्ध्यापर्यंत बुडून बुडबुड्यांसह तत्काळ वर आला तर योग्य.

तुकडे कडेने, एकेक करून सोडावेत. पहिला अर्धा मिनिट झारा लावू नये. कवच धरू द्यावे. तुकडे पडताच तापमान उतरते, म्हणून त्या क्षणी जाळ वाढवावा व रंग येऊ लागला की सारखा करावा. चुलीवर करणाऱ्यांनी एखादे वाळके बारीक लाकूड यासाठी बाजूस ठेवावे; मासीने ही युक्ती आम्ही न सांगताच काढली. दोन ते तीन मिनिटांत सोनेरी रंग येतो. दोन घाण्यांमध्ये तेल पुन्हा तापण्यास थोडा अवधी द्यावा व कढईतील चुरा झाऱ्याने काढून टाकावा. तो करपून पुढच्या घाण्यास कडवटपणा देतो आणि तेलही लवकर बिघडवितो.

आच भडकलेली असता अथवा तेल धुरावत असता ओला छाना सोडल्यास तेल अंगावर उडते. भाजलेल्या हातावर मलम लावण्याचे काम आपल्याकडेच येते, तेव्हा ही सूचना रुग्णास आधी देणे बरे.

निथळणे

हा सर्वांत दुर्लक्षिला जाणारा, पण वर सांगितलेल्या कारणाने सर्वांत महत्त्वाचा टप्पा. झाऱ्यावर घेतलेले वडे कढईवरच दहा आकडे मोजेपर्यंत धरावेत व दोन वेळा झटकावेत. गरम तेल पातळ असते म्हणून निथळते. थंड झाले की दाट होऊन चिकटते. लगेच कोऱ्या शोषक कागदावर अथवा स्वच्छ सुती वस्त्रावर दोन्ही बाजूंनी टिपावेत आणि मिनिटाभरात तेथून उचलून जाळीवर एकेरी मांडावेत. कागदावरच ठेवले तर खालून वाफ कोंडून कवच ओले होते. आमच्याकडे विणलेली बांबूची विरळ टोपली या कामी लोखंडी जाळीइतकीच उपयोगी ठरली. ढीग करू नये, झाकण घालू नये. पावसाळ्यात येथील हवा दमट असल्याने कवच लवकर मऊ पडते. म्हणून खाणारा बसल्यावरच शेवटचा घाणा काढावा.

वर्तमानपत्राचा कागद मात्र वर्ज्य समजावा. छपाईची शाई गरम तेलात उतरते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच याविषयी सावध केले होते.

आपण केलेले तळण तेलकट आहे की नाही, हे जाणण्याचा सोपा उपाय आहे. तळण्यापूर्वी तेलासह कढईचे वजन करावे, तळून थंड झाल्यावर पुन्हा करावे. फरक म्हणजे स्थूलमानाने वड्यांबरोबर गेलेले तेल. औषधालयातील तराजू या कामी चालतो. मंद आचेचा एक घाणा व तप्त तेलाचा एक घाणा असे दोन्ही करून पाहिल्यास कोणाचेही मन वळेल.

तेल कोणते व किती वेळा?

शेंगदाण्याचे तेल किंवा मोहरीचे तेल तळणास योग्य. मोहरीच्या तेलाचा उग्रपणा घालविण्यासाठी ते प्रथम धूर येईपर्यंत तापवून, आच उतरवून मग वापरण्याची बंगाली रीत आहे. विदर्भातील जुन्या घरांत जवसाचे तेल असते. ते फोडणीस व वरून घेण्यास चांगले, पण तळणात लवकर विघडते म्हणून टाळावे. जंगलपट्ट्यातील मोहाच्या बियांचे तेल गारव्यात थिजते. त्यात तळलेला पदार्थ थंड झाला की टाळूला चिकटतो. शुद्ध तूप उत्तम, पण व्यय मोठा.

तेल पुन्हा पुन्हा तापविल्याने दाट होते आणि दाट तेल वड्यास अधिक चिकटते. म्हणजे जुने तेल केवळ अपायकारक नव्हे, तर तेलकटपणाचेही कारण आहे. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविण्यात आली आहे. घरी हे मोजता येत नाही. तेथे रंग काळवंडणे, चिकटपणा, न विरणारा फेस आणि पूर्वीपेक्षा लवकर धूर येणे ही चार लक्षणे पुरेत. घरगुती तेल गाळून, झाकून ठेवावे, आणखी एखादे वेळी भाजी-आमटीच्या फोडणीत संपवावे. तळणासाठी साठवीत राहू नये.

हल्ली शहरांत गरम हवेवर भाजणारी यंत्रे आली आहेत. त्यांत तेल पुष्कळच कमी लागते, परंतु पातळ मिश्रणाचे आवरण त्यांत टिकत नाही. कोरडे पीठ व तेलाचा हात एवढेच चालते. तव्यावर चमचाभर तेलात छाना परतणे हाही चांगला पर्याय. आमचा आक्षेप मधल्या मार्गाला आहे : अर्धी कढई, मंद आच आणि ‘आम्ही कमी तेलात तळतो’ हे समाधान.

कोणास, केव्हा, किती?

तेलकट नाही म्हणून पदार्थ लघू झाला, असा समज रुग्णास होऊ देऊ नये. किलाट मूलतः गुरू आहे व गुरू द्रव्याने अर्धी तृप्तीच करावी, हा चरकोक्त मात्रेचा नियम येथेही लागू आहे. दोन-तीन वडे ही एका माणसास पुरेशी मात्रा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून कृश, श्रमजीवी, अनिद्राग्रस्त, प्रदीप्ताग्नी अशा व्यक्तींस हेमंत-शिशिरात तो उपकारक आहे. ज्वर, आमवात, कामला, ग्रहणी व अम्लपित्त यांच्या वेगात, तसेच स्थौल्य, प्रमेह व हृद्रोग असता तळलेला किलाट नकोच. तेथे मीठ-जिरे लावून वाफविलेला थोडा छाना, तोही अग्नी पाहून. पावसाळ्यात अग्नी मंद असतो आणि इच्छा मात्र तीव्र असते. त्या ऋतूत मात्रा आणखी घटवावी व जेवणापूर्वी सैंधवासह आल्याचा तुकडा द्यावा.

अनुपानाचाही विचार व्हावा. घृतास उष्णोदक आणि तैलास यूष हे अनुपान चरकाने सांगितले आहे. तळलेल्या वड्यांवर दुधाचा चहा पिण्याऐवजी मुगाचे पातळ कढण, सुंठ-मिरी घालून, गरम घ्यावे. आमच्या रुग्णांत हा एक बदल सर्वांत सहज रुळला.

औषधविक्रेत्या बंधूंस

पावसाळ्यात ‘गॅसची गोळी द्या’ म्हणत येणारा ग्राहक प्रथम आपल्याकडे येतो, वैद्याकडे नव्हे. हिंग्वाष्टक चूर्णाची पुडी देण्यापूर्वी काल काय खाल्ले व ते कशात तळले होते, एवढे विचारल्यास पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी गोष्ट पनीरच्या शुद्धतेची. मानकाप्रमाणे पनीरमध्ये जलांश ६० टक्क्यांहून अधिक नसावा व शुष्कांशात दुधाची स्निग्धता किमान ५० टक्के असावी. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेले कृत्रिम पनीर स्वस्तात मिळते. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळातही हा प्रश्न गाजला. अशा पदार्थावर आम्ही सांगितलेली रीत लागू होईलच असे नाही. पिष्टाची भेसळ ओळखण्यास तुकडा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर आयोडिनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आल्यास पिष्ट आहे. आयोडिन आपल्या कपाटात असतेच. मात्र या परीक्षेने वनस्पती तेल कळत नाही, हे ग्राहकास प्रामाणिकपणे सांगावे. घरी दूध फाडणे हीच खरी खात्री.

समारोप

आम्ही मासीकडे पुन्हा गेलो तेव्हा आमचा पहिला सल्ला चुकीचा होता हे तिला स्पष्ट सांगितले. ती हसली व म्हणाली, “बाबू, माझी आईही जाळ मोठाच ठेवायची. पण तुम्ही डाक्तार, म्हणून मी तुमचे ऐकले.” हे वाक्य आम्हाला फार लागले. आपल्या शब्दाला वजन असते म्हणून लोक आपला अनुभव बाजूस ठेवून तो पाळतात. तेव्हा न तपासलेला सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आता तिची कढई खोल आहे, जाळ चांगला आहे, वडे बांबूच्या टोपलीत एकेरी मांडलेले असतात आणि गिऱ्हाईक पुन्हा तिच्याच पाटीशी थांबते. अजीर्णाचे रुग्ण आमच्याकडे अजूनही येतात. परंतु त्यांना आता ‘तळलेले खाऊ नका’ एवढेच सांगून आम्ही थांबत नाही. कोणी तळले, कसे तळले, किती खाल्ले आणि त्यावर काय प्यायले, हे विचारतो.

सूज्ञ वैद्यबंधूंनी ही रीत आपापल्या घरी एकदा करून पाहावी, कढईचे वजन करावे आणि अनुभव निराळा आल्यास या त्रैमासिकातून अवश्य मांडावा. आमची आणखी एखादी चूक त्यातून दुरुस्त झाली तर आनंदच वाटेल.